महालक्ष्म्यांचा राखणदार

चुलतभावाकडे जे असायचं ते मला हवं असायचं, आणि हे सांगायला चाळिशी उलटल्यावरही मी लाजत नाही. त्याला पुण्याचा मामा होता. एका दिवाळीत त्या मामाने वीतभर प्लॅस्टिकचा सैनिक आणला. गुडघ्यात आणि कोपरात वाकणारा, डोळ्यांवर काळा चष्मा, पाठीवर पॅराशूटची पिशवी. तिसगावच्या बाजारात तसलं काही मिळत नव्हतं. माझा मामा येताना बोरं आणायचा. बोरं गोड असायची, पण त्यांना गुडघे नव्हते.

भाऊ तो मला हातात द्यायचा, पण आधी पिशवी काढून खिशात टाकायचा. पिशवीवाचून तो सैनिक नुसता उभा राहिलेला माणूस वाटे. मी तेवढ्यावर भागवायचो आणि मनात जळायचो.

आता मी नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो आणि पोरांनी टाकून दिलेली असली जुनी खेळणी जमवतो. काचेचं कपाट आहे, त्याला कुलूप आहे. बायको पाहुण्यांना सांगते, ‘आमच्या घरात एवढंच कपाट कुलपात असतं.’ कपाटात सगळे आले, तो सोडून. आम्हा जमवणाऱ्यांच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये कुणी त्याचा फोटो टाकला की माझा अख्खा दिवस नासायचा.

आमच्या घरच्या वाटण्या झाल्या तेव्हा जमीन निम्मी झाली, पण महालक्ष्म्या थोरल्या घरीच राहिल्या. आमच्यात रीतच तशी. देव थोरल्याकडे, धाकट्यांनी जेवायला जायचं. आई होती तोवर ती जायची. मी दरवर्षी कंपनीत सुट्टी नाही म्हणायचो. सुट्टी मिळत होती. भावाचं स्लॅबचं घर, दारातली गाडी आणि वर देवही त्याच्याच घरात, हे बघून पुरण घशाखाली उतरलं नसतं, एवढंच.

मागच्या वर्षी आई नव्हती. बायको म्हणाली, ‘आता तरी आपल्यातलं कुणीतरी जायला हवं.’ गेलो. हात जोडायला वाकलो आणि तसाच राहिलो. फराळाच्या ताटांच्या पुढे, आराशीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर तो सैनिक उभा होता. चष्मा शाबूत, पाठीवर पिशवी. डोक्याला हिरव्या खणाच्या चिंधीचा फेटा डिंकाने चिकटवलेला, आणि कपाळावर हळदीकुंकवाचे इतक्या वर्षांचे थर. कुठल्याही जमवणाऱ्याने कपाळाला हात लावला असता.

मोठी आई, म्हणजे माझी थोरली चुलती, भावाची आई, म्हणाली, “त्यो राखनदार हाय. तू कंपनीत लागलास तवापासनं दर साली बसतोय. त्याला जाग्यावरनं हलवू नगंस, लक्ष्म्या उठंपतूर.”

मी भावाला बाजूला घेऊन विचारलं. आवाज साधा ठेवला. तो भजं खात म्हणाला, “त्यो व्हय? ने की. मला काय करायचाय?” त्याने एकदा वळूनही पाहिलं नाही. त्याने नाही म्हटलं असतं तर मला इतका राग आला नसता. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं तडफडलो, ते त्याने पानातलं मीठ सरकवावं तसं सरकवलं.

मी तिथेच मुक्काम केला, आणि महालक्ष्म्या उठल्या त्या संध्याकाळी मोठ्या आईने तो पदराने पुसून माझ्या हातात दिला. आत जाताना तिने मात्र त्याच्याकडे वळून पाहिलं. घरी येऊन मी त्याला कपाटात मधोमध ठेवला. फेटा काढायला कापूस ओला केला आणि फेट्याला न लावताच पुन्हा वाळत टाकला. का ते मला सांगता येत नाही.

यंदा गणपतीच्या आधीच मोठ्या आईचा फोन आला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, आई गेल्यावर आता मला बोलावतायत.

“त्याला दोन दिस आदी आनून दे,” ती म्हणाली. “त्याच्याबिगर पायऱ्या सुन्या दिसत्यात.”

मी विचारलं, “आणि मी इतकी वर्षं आलो नाही, तेव्हा काही सुनं वाटलं का?”

ती समजूतदारपणे म्हणाली, “तुजं काय बाबा, तुला कंपनीतनं सुट्टी नस्ती. आमाला ठावं हाय. औंदाबी न्हाई जमलं तर यष्टीनं कुनाच्या तरी हाती धाडून दे त्याला.”

फोन ठेवला. कपाटाचं कुलूप उघडून त्याच्यासमोर बसलो. आयुष्यभर मी भावावर जळलो, त्याच्या मामावर जळलो, घरावर जळलो. त्या दिवशी मात्र भाऊ आठवलाही नाही. त्या घरात ज्याची वाट पाहत होते, तो माझ्यापुढे गुडघा वाकवून उभा होता, आणि मला त्याला कुणाच्याही हाती धाडायचं नव्हतं.