भात्याला माणूस

लातूर जिल्हा नवा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. आमच्या गल्लीत पाणी उरलं ते फक्त नव्या कचेरीत बदलून आलेल्या एका कारकुनाच्या हापशाला. हे गृहस्थ सिकंदराबादला पियानो शिकलेले, घरात मात्र साधी पेटी. पियानोचे धडे दोन्ही हातांचे, मग भाता कोण मारणार? म्हणून घागर भरून झाली की ते म्हणायचे, "बसा जरा, भाता मारा."

डोळे मिटून एकच अवघड वळण ते पुन्हा पुन्हा वाजवायचे. शेजारच्या मावशी पेटीपलीकडं बसून कुरकुरायच्या, "ह्ये गाणं हाय का बोटांची कसरत?"

"दोन्ही हाय, मावशी. तिकडं लोक तिकीट काढून ऐकतात."

मला ते खरं वाटायचं नाही, तरी मी घागर भरल्यावरही रेंगाळायचो.

वैशाखात हापसा आटला. त्यांनी पेटीवर कापड टाकलं आणि कुणालाच हाक मारली नाही. मग एका संध्याकाळी मावशी आल्या, रिकाम्या हातानं, आणि आपल्या जागी मांडी घालून बसल्या.

"पाणी न्हाई, मावशी," ते ओशाळून म्हणाले.

"ठावं हाय मला," मावशींनी कापड बाजूला करून भात्याला हात घातला. "वाजवा."