बापूच्या दारातला डहाळा

फोन आला तेव्हा मी लातुरात, गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "हे गेले, ताई," बापूच्या घरून वहिनी म्हणाल्या. मी रडले नाही. आधी रागच आला. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी मी बापूच्या शेतातच होते, आणि त्या दिवसापासून हे असं काहीतरी होणार ही धास्ती मनातून गेलीच नव्हती...

बापू माझा मावसभाऊ. कंधारपासून थोडं आत त्याचं गाव आणि गावाच्या वरच्या अंगाला, मुरमाड माळावर त्याचं शेत. सोयाबीन पेरून पेरून माती वाहून गेली, नुसते गोटे वर आले. मग एका वर्षी त्यानं नांगरच घातला नाही. गावाला वाटलं, बापू आजारी आहे. दुसऱ्या वर्षी वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. त्यानं वेडी बाभूळ मुळासकट काढली, पवन्या आणि मारवेल या जुन्या गवतांचं बी गोळा करून विस्कटलं, आपसूक उगवलेले हिवर, पळस, बोरी राखल्या. तितर परत आले, ससे आले. एकदा लांडगा दिसला, तर हा पठ्ठ्या पाहुणा आल्यासारखा फोन करून मला सांगत होता. पुढं पुण्याची एक कंपनी या माळाचे वर्षाला पैसे देऊ लागली. गाव म्हणायचं, बापू हवा विकतो. तो हसायचा. "हवा न्हाई गं, धूर! कारखानेवाले धूर सोडून राहिले, माझं गवत तो मातीत धरून ठेवतंय. त्या राखणीचे पैसे." माळ नांगरायचा नाही आणि जळू द्यायचा नाही, ही कंपनीची अट. त्यातली पहिली सोपी होती.

आमच्याकडे उन्हाळ्यात बांध पेटवतात. त्यामुळं शिमगा जवळ आला की बापूचं चित्त थाऱ्यावर नसायचं. रोज सकाळी कडुलिंबाचा ताजा डहाळा तोडून तो दाराच्या चौकटीला टेकवून ठेवायचा. आग दिसली की पाणी शोधत बसायचं नाही, हिरव्या पाल्यानं झोडपायची. आदल्या दिवशीचा डहाळा शेळीला जायचा. मी त्याला चिडवायचे, लोक दारात आंब्याचा टाळा बांधतात, तू लिंबाचा ठेवतोस. तो मात्र त्यावर कधी हसला नाही.

उन्हाळ्याची एवढी काळजी घेणाऱ्याला आग गाठली ती भर थंडीत, सणाच्या दिवशी. येळवशीला आम्ही सगळे शेतात जेवतो, कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, पाच दगडांचे पांडव मांडतो, भज्जी-आंबील खातो आणि दिवस कलला की हेंडगा, म्हणजे कडब्याची पेटती पेंढी, घेऊन पिकाभोवती पळत फेरी मारतो. इतरांना त्यात धोका नाही, त्यांची ज्वारी तेव्हा हिरवीगार असते. बापूचं गवत मात्र त्या दिवसांत वाळून पिवळं झालेलं. म्हणून तो हेंडग्याऐवजी काचेचा कंदील घेऊन फिरायचा. शेजारच्या बांधाला त्याची चुलती, सोनाकाकी. तिला हे बघवायचं नाही. यंदा तिचा बैल दगावला होता, आणि आग न दाखवल्यानं रान कोपलंय असं तिनं धरलं होतं. ती कोपीपाशी आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "कंदील दावून रान शांत व्हतं व्हय रं? आग दाव त्याला. न्हाईतर माणूस मागून घील ते."

वहिनींनी हातातला आंबिलीचा पेला खाली ठेवला. बापूनं माळाकडं पाहिलं, काकीकडं पाहिलं. पोरका झाल्यावर त्याला तिनंच वाढवलेलं. "फिरवा एकडाव," तो म्हणाला, "पर बांधाच्या पल्याडून." काकीचा लेक हेंडगा घेऊन पळाला, सगळे आरोळ्या देत मागे. कोपऱ्यावर वाऱ्यानं तोंड फिरवलं आणि पेंढीतली एक जळती काडी उडून बांधाच्या अलीकडे पडली. आवाज आधी आला, कढईत फोडणी पडावी तसा... बापूच्या हाताशी डहाळा नव्हता, तो उन्हाळ्यातच ठेवायचा. त्यानं पळसाची फांदी मोडली आणि सरळ धुरात शिरला. सगळ्यांनी मिळून आग आवरली. कोपऱ्यातला एक तुकडा जळाला, बाकी माळ वाचला. बापू बाहेर आला तेव्हा भुवया जळालेल्या, आणि खोकला थांबत नव्हता. "वाचलं," म्हणाला. नांदेडच्या दवाखान्यातही तेच विचारत होता, "बाकीचं हाय ना?" संक्रांत त्यानं पाहिली नाही.

गावात आता एकच बोलणं, रानानं माणूस घेतलं. ऐकलं की माझं डोकं फिरतं. काडी पडताना साऱ्यांनी पाहिली, तरी दोष रानाचा! आणि खुद्द काकी? ती रडून रडून अर्धी झालीय, आणि रोज येऊन वहिनींना तेच सांगते, "नांगर घाल बाई. आनखी एखादं घील ते." कंपनीचा माणूस जळका तुकडा पाहून गेला. उरलेला माळ राखला तर पैसे चालू राहतील, म्हणाला. राखणार कोण, हे त्यानं विचारलं नाही.

परवा गेले होते. शिमगा तोंडावर आलाय. दाराच्या चौकटीला डहाळा टेकवलेला होता. मला वाटलं, बापूचाच, गेल्या उन्हाळ्यातला, कुणी हलवला नसेल. हात लावला तर पानं ताजी, मोडलेल्या टोकाला ओल.

"हा कुणी आणला?"

"म्या. रोज आणते," वहिनी म्हणाल्या. "ते गेले, ताई. आग कुठं गेलीय?"

काकी ओसरीवरच बसली होती. लोहा गावाच्या अंगाला धुराची एक बारीक रेघ उठली होती. बघता बघता ती रुंद झाली, आणि वारा आमच्याकडे होता. वहिनींनी पदर खोचला, डहाळा उचलला आणि त्या माळाच्या वाटेला लागल्या. मी अंगणातल्या लिंबाखाली गेले, तर काकी माझ्याआधी तिथं पोचली होती आणि फांदी वाकवत होती.