पिशवी चिकटलेल्या बाईचा हेवा

“मला काय धाड भरलीय?” तब्येत विचारली की तिचं हे ठरलेलं उत्तर. चौसाळ्याच्या दूध संस्थेत मी दूध मोजायची, ती फॅट तपासायची. तापाने फणफणली असली तरी पदराने घाम पुसायची आणि हसायची. दुखणं असं हसण्यावारी नेणारी बाई तुम्हीही कुठंतरी पाहिली असेल.

लग्नानंतर दोन वर्षांनी, तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भ पडला. एका डॉक्टरने गर्भाची पिशवी साफ केली. त्यानंतर पाळी आलीच नाही. महिन्याच्या महिन्याला पोट मात्र दुखायचं. दीड वर्ष हे फक्त तिच्या नवऱ्याला आणि मला माहीत होतं.

नवरा संस्थेचा टेम्पो चालवायचा. शेवटी तो तिला औरंगाबादला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. सोबतीला मी. बाई म्हणाल्या, “साफ करताना पिशवी आतून खरवडली गेली. जखमा भरताना भिंती एकमेकींना चिकटल्या. दुर्बिणीने सोडवता येतील, पण मूल होईलच असं नाही.”

परतताना मांजरसुंब्याला चहासाठी थांबलो. तो बशीत चहा ओतून फुंकत होता, तिच्यासाठी, सगळ्या ढाब्यासमोर. मला तीन लेकरं. तिन्ही वेळा माझा नवरा दवाखान्याच्या फाटकाच्या आत आला नव्हता. माझा चहा मी तसाच ठेवून उठले.

त्या वर्षी दुष्काळ होता. तिची सासू गुरं घेऊन लिंबागणेशजवळच्या चारा छावणीत राहायची. आमचीही गुरं तिथंच होती. एकदा म्हातारीने विचारलं, “सुनेला दिवस का जात न्हाईत गं?”

मी सांगून टाकलं. सगळं. म्हातारीची दया आली म्हणून नाही. हे कळल्यावरही तो तसाच वागतो का, ते मला बघायचं होतं.

तो तसाच वागला. सासूने दुसऱ्या बायकोचं काढलं, तेव्हा भावकीसमोर म्हणाला, “खोट डॉक्टरच्या हातात व्हती, हिच्यात न्हाई. दुसरी करणार न्हाई म्हंजे न्हाई.” आणि दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवायचं ठरवलं.

जायच्या आदल्या दिवशी ती संस्थेत आली. “अक्का, आत्याबाईला तुमीच सांगितलं ना?”

मी दुधाचं माप खाली ठेवलं.

“लई रडले मी. पर आता लपवायचं तरी काय राह्यलं न्हाई.” तिने माझ्या हातावर हात ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं तिचं ऑपरेशन झालं, पाळी सुरू झाली, मूल मात्र झालं नाही, एवढं कानावर आलं. पुन्हा भेट कधीच झाली नाही.

शेवटची दिसली ती टेम्पोत, भांड्याकुंड्यांच्या पुढं बसलेली. तो खाली उतरून तिच्या बाजूचं दार ओढून बघत होता, नीट लागलंय का. टेम्पो दिसेनासा झाल्यावर मी घरी आले. नवरा बाजेवरूनच म्हणाला, “वाढ.”