श्वासाला जागा नसलेलं गाणं

गाणं भिकार होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यानं माझं मत बदललं असं कुणाला वाटायला नको. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, एका डोळ्यावर ओघळलेले केस, मागं समुद्र, अन् भर उन्हात अंगात जाडजूड जाकीट. एवढ्या भांडवलावर त्यानं नववी-दहावीच्या पोरींना येडं करून सोडलं होतं. त्यातली एक माझ्या घरात राहते अन् मला पप्पा म्हणते.

मी बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. नांदूरघाटच्या आजूबाजूच्या गावांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यातल्या निम्म्या नवरदेवांना मीच वाजवत मांडवापर्यंत नेऊन सोडलंय. पुढचं त्यांचं त्यांनी निस्तरलं.

रोज सकाळी शाळेच्या आधी मी ओसरीवर रियाजाला बसतो अन् लेक समोर बसून स्टीलच्या डब्याच्या झाकणावर ठेका धरते. चौथीत होती तेव्हापासून. झाकण तेच, मधे पोचा आलेलं. मी लय सोडून पळायला लागलो की ती एका हाताचा ठेका तसाच ठेवते अन् दुसऱ्या हाताच्या नखानं झाकणाच्या कडेवर टिकटिक करते. म्हणजे, पप्पा, घाई करायलाव. आमचा ढोलवाला माझा लहानपणचा दोस्त, पण मला असं तोंडावर सांगायची त्याचीसुद्धा टाप नाही. नखानं सांगायचा मान फक्त तिचा.

तर त्या पोराचं नवं गाणं आलं आणि दोन दिवस घरात दुसरं काही वाजलं नाही. रविवारी लेकीच्या दोन मैत्रिणी आल्या. मला ओसरीवर मधोमध बसवलं आणि लेकीनं फोन समोर धरला.

"पप्पा, पुरं ऐका. अन् मग खरं खरं सांगायचं, कसं वाटलं."

एका मैत्रिणीच्या हातात दुसरा फोन होता. आईबापांना गाणं ऐकवायचं आणि त्यांची तोंडं टिपायची, असं काहीतरी पोरापोरींचं चालू होतं. ते मला ठाऊक होतं, उगं लपवत नाही. पण 'खरं खरं सांगा' म्हटल्यावर मी कसला थांबतोय?

"ह्या गाण्यात साडेतीन सूर हायेत," मी म्हणालो. "त्यातला अर्धा घसरलाय, त्याला मशिनीनं बखोट धरून उभं केलंय. 'तू' एकवीस वेळा आलंय, पन ती कोन, कुठली, तिनं याचं काय घोडं मारलंय, पत्ता न्हाई. अन् सगळ्यात मोठी गोष्ट सांगू का? ह्यो पोरगा श्वासच घेत न्हाई. एक ओळ संपायच्या आत दुसरी चालू. आरं, मानूस गायलंय का पंखा फिरायलाय?"

एवढ्यावर थांबलो असतो तर भागलं असतं. पण पोरी हसायला लागल्या अन् मला चढलं. खांद्यावरचा पंचा कपाळावर घेतला, एक टोक डोळ्यावर सोडलं, आणि मान तिरकी करून त्याच्यासारखं गाऊन दाखवलं. लेक तर पोट धरून हसली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचे आठ दिवस मला तिचं तेच हसणं आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर लोक मला "काय मास्तर, पंखा चालू हाय का?" असं विचारायला लागले. व्हिडिओ तालुकाभर फिरला होता. मी आपला खूश. आयुष्यभर क्लॅरोनेट फुंकून जे झालं नाही ते एका पंच्यानं झालं.

मंगळवारी सकाळी झाकण आलं नाही. मी क्लॅरोनेटची पत्ती ओली करून तोंडात धरून बसलो. लेक आतून दप्तर घेऊन आली, चपला घातल्या अन् माझ्याकडं न बघता निघून गेली. बुधवारी तेच. मी जवळ गेलो की फोन पालथा घालायची, नाहीतर उशीखाली सारायची. जेवताना "भाजी वाढू का" याच्यापलीकडं बोलणं नाही.

"करा की अजून नकला," बायको म्हणाली. "तुमाला जीभ आवरती का? लेकराचं काळीज दुखवलं."

"मी काय खोटं बोललो?"

"खरं बोलला म्हनूनच तर."

आता सांगतो, मला राग आला. त्या केसवाल्याचा तर आलाच, पण लेकीचा जास्त. जन्मल्यापासून माझ्या मांडीवर सूर ऐकणारी पोरगी साडेतीन सुरांच्या पोरासाठी बापाशी अबोला धरते? दोन दिवस मी रागातच रियाज केला. ठेका नव्हता. घाई झाली की कळायची, पण सांगणारं कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी क्लॅरोनेट खोक्यात ठेवलं आणि नुसताच ओसरीवर बसून राहिलो. राग कुठल्या कुठं गेला, अन् खाली जे उरलं ते निव्वळ रडू होतं. ती मोठी होणार, हे मला माहीत होतं. पण अशी एका मंगळवारी अचानक होईल असं वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात जवळच्या गावची लग्नाची सुपारी आली. नवरदेवाची बहीण माझ्या लेकीच्याच वर्गात. तिनं घरात हट्ट धरला होता की परण्यात तेच गाणं वाजलं पाहिजे, नाहीतर डीजे बोलवा. परण्या म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळावरून मांडवाकडं जाणारी.

"काय करायचं बे?" ढोलवाल्यानं विचारलं. "तुजा पंखा वाजवायचा का?"

"वाजवायचा," मी म्हणालो.

त्याला वाटलं डीजेच्या भीतीनं. पण मी लेकीसाठी हो म्हणालो होतो. लग्नाला ती येणारच होती. तिच्या लाडक्याचं गाणं बापाच्या क्लॅरोनेटमधून निघेल, तिला कळेल की बापानं माघार घेतली, आणि झाकण परत ओसरीवर येईल. एवढा साधा हिशोब.

चार दिवस मी गावाबाहेरच्या विहिरीवर जाऊन ते गाणं बसवलं. घरात वाजवलं असतं तर तिला आधीच कळलं असतं. अन् काय सांगू, जीव गेला! मशिनीनं श्वास कापून टाकलेलं गाणं माणसानं फुंकायचं कसं? सनईवाल्यासारखी गालात हवा धरायची कला मला येत नाही. धृपद दोनदा आलं की डोळ्यांपुढं काजवे. शिवाय आमच्या धंद्यातल्या गाण्याला थांबता आलं पाहिजे. रस्त्यात सुतकाचं घर लागलं की बँड त्या घराच्या आधीच्या विजेच्या खांबाला गप होतो आणि पुढच्या खांबाला परत सुरू होतो. जुनी गाणी अशी की कुठंही ठेवा, कुठूनही उचला. ह्या गाण्याला ना दार ना उंबरा. मध्येच सोडलं तर परत धरायचं कुठून?

लग्न दुपारचं होतं. नवरदेव घोड्यावर बसला, पोरापोरींचा घोळका पुढं, आणि मधे नव्या ड्रेसमधली माझी लेक. मी क्लॅरोनेट वर केलं आणि ते गाणं सुरू केलं. घोळका जो ओरडला! वीस-पंचवीस पोरं एकदम उसळली. मी लेकीकडं बघितलं.

तिचं तोंड उतरलं होतं. नाचायचं सोडून ती माझ्याकडं अशी बघत होती की जणू मी तिची काहीतरी वस्तू तोडली. माझा सूर चिरकला. ढोलवाल्यानं डोळे वटारले. कसंबसं देवळापर्यंत नेलं. नवरदेव दर्शनाला आत गेला, बँड थांबला, आणि आठ दिवसांनी माझी लेक माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"पप्पा, तुमी कावून वाजवायलाव हे?"

"तुझ्यासाठीच की, बाई. तू बोलत न्हाईस म्हनून."

"मी त्याच्यासाठी न्हाई बोलत व्हय?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमाला माहिती तरी हाय का लोकांनी व्हिडिओखाली काय काय लिवलंय? बँडवाल्याला गान्यातलं काय कळतं म्हनले. शेवटच्या पंगतीला जेवनारा मानूस म्हनले. मी एकेकाला उत्तर दिलं. चार दिस भांडले मी. म्हनलं, माझ्या पप्पाला कळतं, अन् ते हे गानं कदीच वाजवनार न्हाईत. अन् तुमी आज..."

"मग मला सांगायचं न्हाई का?"

"कसं सांगू? व्हिडिओ तर आमीच टाकला. तुमच्याकडं बघायची लाज वाटायली मला."

फोन पालथा का पडत होता, उशीखाली का जात होता, ते मला देवळाच्या पायरीवर उभ्या उभ्या कळलं. मी ते वाचू नये म्हणून. शेवटच्या पंगतीला आम्ही जेवतो हे काही खोटं नाही. वऱ्हाड जेवलं की वाजवणारे बसतात, माझ्या बापाच्या वेळेपासून तसंच आहे. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण ते माझ्या पोरीनं एकटीनं वाचलं, चार दिवस उरात धरून बसली. एवढी वर्षं ताल धरणारी पोरगी माझीच बाजू धरून बसली होती, अन् मी तिच्यावर रागावलो होतो. गाढव मी!

"बंद करू का? दुसरं वाजवतो."

तिनं नाक पुसलं. घोळक्याकडं बघितलं. तिकडं नवरदेवाची बहीण हात हलवून विचारत होती, कधी सुरू करता?

"आता ऱ्हाऊ द्या. तिची हौस हाय. पन श्वास कुठं घेयालाव? तोंड लालभडक झालंय."

"कुठंच जागा न्हाई."

"हाय की. धृपद दुसऱ्यांदा येतं ना, त्याच्या पहिल्या दोन ओळी सोडून द्या. फुकटच्या हायेत त्या. मला पयल्यापासून वाटायचं."

बघा, तिचंही मत होतं तर! मला कुणी विचारलं म्हणून मी सांगितलं. तिला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नवरदेव बाहेर आला. लेक माझ्या डाव्या हाताला चालायला लागली, मी वाजवायला लागलो, आणि त्या दोन ओळींच्या जागी मी पोटभर श्वास घेतला. कुणाला काही कळलं नाही. उलट पोरांनी त्या मोकळ्या जागेत टाळ्या घातल्या.

पुढच्या वळणावर ते घर आलं. त्या घरातले आजोबा गेल्या आठवड्यात वारले होते. आधीच्या खांबाला मी क्लॅरोनेट खाली केलं, ओळ अर्धी तोडून. ढोल थांबला. मला वाटलं आता ही कार्टी ओरडणार. पण खेड्यातलीच पोरं ती. अख्खा घोळका मुकाट झाला, हात खाली घेऊन चालायला लागला. दारात बसलेल्या म्हातारीनं नवरदेवाकडं बघून हात वर केला. नुसत्या घोड्याच्या टापा ऐकू येत होत्या. माझ्या शेजारी लेकीची बोटं ओढणीवर हलत होती. ती मोजत होती.

पुढचा खांब आला. माझ्या कोपरावर नख वाजलं, टिक. मी क्लॅरोनेट उचललं, आणि जिथं ओळ तोडली होती त्याच्या पुढच्याच शब्दाला सगळी पोरं एका तोंडानं गात उठली. एकाचंही चुकलं नाही. तेवढी पावलं त्यांनी ते भिकार गाणं मनात जसंच्या तसं धरून ठेवलं होतं. मान्य करतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माझं मत मात्र तेच आहे: सूर साडेतीनच.

अक्षता पडल्या, पंगती उठायला लागल्या. नवरदेवाची बहीण लेकीला दोनदा हाताला धरून ओढायला आली, पहिल्या पंगतीला घरच्या पोरींसोबत बस म्हणून. दोन्ही वेळा ती "नंतर" म्हणाली. मी लांबून बघत होतो आणि मला वाटलं तिला भूक नसेल.

शेवटची पंगत बसली. ताटं मांडली, ढोलवाला माझ्या उजवीकडं मांडी घालून बसला, आणि डावीकडं येऊन माझी लेक बसली. नव्या ड्रेसची ओढणी खोचून, सगळ्या मांडवादेखत.

"अगं, तू कुठं इथं?" ढोलवाला म्हणाला. "वरन संपत आलंय बघ."

"असू द्या, काका," ती म्हणाली. वाढप्यानं तिच्या ताटात भात वाढला. तिनं माझ्याकडं न बघता ताटाच्या कडेवर नखानं टिकटिक केलं.

"शेवटच्या कडव्यात घाई केली तुमी."

"केली," मी म्हणालो. अन् माझ्या वाटीतलं वरण तिच्या भातावर ओतलं.