कंदिलाला सुटलेला घाम

ती पहाट या वयातही आठवते. नोकरीत असताना हा किस्सा मी अनेकांना सांगितला आणि प्रत्येक वेळी शाबासकी घेतली. आता पेन्शनीत ठाण्याला बसून तो जसा घडला तसा लिहितो.

मी तेव्हा कल्याणला फौजदार होतो. पौषातली कडाक्याची थंडी होती, काळू नदीवरचं धुकं सडकेवर उतरलं होतं. मिठागरांचे एक मक्तेदार शेटजी आंबिवलीकडच्या बंगल्यातून पहाटेच्या आगगाडीसाठी कल्याणला निघाले होते. वाटेत त्यांच्या घोडागाडीखाली एक म्हातारी सापडली. भाजीची पाटी घेऊन बाजाराला निघालेली बाई जागीच गेली. गाडीवान पळाला नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा तो तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. न पळणारा माणूस मला त्या काळी जास्त बेरकी वाटायचा.

उजाडल्यावर पंचनामा केला. गाडीला दोन्ही बाजूंना घासलेटचे कंदील होते. आता ते विझलेले होते आणि काचा आतून ओल्या होत्या, थेंब ओघळून तळाशी साचले होते. हवेसाठी ठेवलेल्या खालच्या भोकांत चिंध्या कोंबलेल्या होत्या. त्यातली एक उपसून मी कंदिलाचं हाताला लागलेलं काजळ पुसलं आणि चिंधी शेतात फेकून दिली. काचेची ओल पंचनाम्यात लिहिली. चिंध्या लिहिण्याजोग्या वाटल्या नाहीत. काजळही नाही.

दुपारी खबर आली. स्टेशनवरच्या एका टांगेवाल्याने सांगितलं की हा गाडीवान दिवे लावतच नाही, घासलेट वाचवून विकतो. शेटजींना विचारलं तर ते म्हणाले, मला डुलकी लागली होती, दिवे लावायची ताकीद मात्र दिलेली होती. प्रतिष्ठित गृहस्थ. मी पुढे काही विचारलं नाही.

गाडीवान आंबिवलीजवळच्या गावचा, आगरी. त्याचं एकच म्हणणं होतं.

"दिवा पेटवलेला साहेब. काचंला आतून घाम आयलेला. मना पुढचा काय दिसला नय."

"आगीला घाम येतो होय रे?" मी म्हणालो.

हवालदार म्हणाला, "उद्या सांगेल साहेब, चुलीला पडसं झालं." सगळे हसले. गाडीवानही ओशाळून हसला.

मारहाण मी केली नाही, आणि याचा मला फार अभिमान असे. मी फक्त तोच प्रश्न विचारत राहिलो, संध्याकाळपर्यंत. मग मला युक्ती सुचली. पोलीस ठाण्यातला कंदील बराच वेळ जळत होता. तो उघडून मी काचेला आतून पाण्याचं बोट लावलं. बघता बघता ओल उडाली. "बघ," मी म्हणालो, "जळत्या दिव्यात पाणी टिकत नाही. तुझ्या दिव्यात पाणी होतं. मग दिवा जळत होता का?"

तो त्या काचेकडे कितीतरी वेळ पाहत राहिला. मग हळू म्हणाला, "मंग मी पेटवलाच नसंल."

मॅजिस्ट्रेटसमोरही त्याने तेच सांगितलं. त्याला सक्तमजुरी झाली, माझं नाव वरपर्यंत गेलं. शेटजींच्या गाडीवर नवा माणूस आला. तो खबर देणारा टांगेवाला होता.

पुढे कित्येक वर्षांनी, अशाच थंडीत, पहाटे आमची ही पेटता कंदील घेऊन अंगणातून आत आली. काच आतून पांढरी झाली होती आणि थेंब ओघळत होते. ज्योत आत जळत होती. मी खुर्चीतून उठलो.

"असं काय बघताय?" ती म्हणाली. "थंडीत येतोच त्याला घाम. खालची भोकं बुजली असतील." तिने केसांतल्या आकड्याने भोकांतली काजळी उकरली, कंदिलाचं दार किलकिलं करून तो थोडा वेळ तसाच ठेवला. काच तापली आणि स्वच्छ झाली.

त्याच दिवशी मी गाडीवानाची चौकशी सुरू केली.

गाडीवान सुटून कळव्याच्या मिठागरावर मजुरी करतो असं कळलं. मी गेलो. त्याने मला लगेच ओळखलं, फावडं बाजूला ठेवून हात जोडले. मी त्याला सगळं सांगितलं. थंड काच, भोकांतल्या चिंध्या, ठाण्यातला आधीच तापलेला कंदील. चिंध्या कोणी कोंबल्या होत्या, हेही तेव्हा प्रथमच विचारलं. शेटनी सांगितलेलं, तो म्हणाला, वाऱ्यानं ज्योत इझते म्हणून.

"म्हणजे ज्योत होती," मी म्हणालो. "दिवा तू पेटवला होतास. चूक माझी झाली."

त्याने मान हलवली. "नय साहेब. मी नय पेटवला. तुमीच तं दाखवला, काच कशी सुकते ती."

मी पुन्हा समजावलं. तो मला बरं वाटावं म्हणून ऐकत राहिला. दर पौषात तो त्या म्हातारीच्या घरी जाऊन तिच्या मुलाच्या पायावर डोकं ठेवतो, हे त्याच्या सोबतच्या मजुराने सांगितलं.

कबुली मिळाली की तपास संपला, असं मी हाताखालच्या माणसांना शिकवत आलो. ते खोटं होतं. त्याची शिक्षा भोगून संपली, पण मी घेतलेली कबुली त्याला परत द्यायला गेलो तेव्हा ती त्याने घेतली नाही.