पाचव्या ठोक्याआधी

लीलाधर गेला त्या थंडीत आमच्या पथकाचा एकही ढोल वाजला नाही, आणि ते बरोबरच होतं. प्रश्न आला आठ महिन्यांनी, गणपती तोंडावर आल्यावर. मंडळाचा अध्यक्ष हितेंद्र माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "अभिमनभाऊ, आठ दिवसात पथक बसलं तं पथक. न्हाई तं यंदा मिरवणुकीले डीजे सांगतो. पोरं आयकत न्हाई."

"सांग ना," मी म्हटलं. चहाचं मात्र मी विचारलं नाही. एकदा का डीजे आला की पुढच्या वर्षी ढोल कोणी बाहेर काढणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

वरणगावच्या अलीकडे आमचं गाव. बावीस ढोल, चार झांजा आणि ताशा एकच, लीलाधरचा. पथकातले निम्मे केळीवाले, उरलेले कोणी कारखान्यात, कोणी दीपनगरच्या वीजकेंद्रात. लीलाधर केळीवाला. उंचीनं बेताचा, आवाज त्याहून बेताचा. बावीस वर्षांत त्यानं कोणाला शिवी दिल्याचं मला आठवत नाही. कोणी चुकलं की तो नुसता वाजवायचा थांबायचा आणि काड्या काखेत धरून सरावाच्या जागेवरच्या निंबाकडे बघत उभा राहायचा. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. नवीन माणूस आला की त्याला महिनाभर ढोलाला हात लावू द्यायचा नाही. "आधी डोळे मिटून ऐक," म्हणायचा. ढोलवाल्याला डोळ्यांचं काम नसतं. ताशा सांगतो तेव्हा टिपरू पडायला हवं, एवढंच.

लग्नात जेवायला बसला तरी बँडकडे कान. एकदा सावद्याला एका लग्नात पंगत अर्धी टाकून उठला आणि बँडवाल्याच्या ढोलाची दोरी आवळून आला. नवरदेवाकडचे लोक त्याला बँडवाल्यांचाच माणूस समजले आणि शेवटच्या पंगतीला बसा म्हणाले. तो बसलाही. मी रागावलो तर म्हणतो, भरीत तेच आहे ना.

आमच्यात एक रिवाज होता. ज्याच्या मळ्यात केळीची कापणी, त्याच्याकडे सगळ्या पथकानं घड भरायला जायचं. आजारपण असो, लग्न असो, तसंच. सख्खे भाऊ बांधावरून भांडले, पण ढोल बांधून शेजारीशेजारी उभे राहिले, असंही आमच्या पथकात झालेलं आहे.

बारा वर्षांपूर्वी लीलाधरच्याच मळ्यात कापणी होती. ट्रक भरत आला होता. मागचा फाळका एका बाजूनं मी धरला होता, दुसऱ्या बाजूनं प्रेमराजनं. मला बोलायची भारी खोड. कुठला तरी किस्सा रंगवून सांगत होतो, हात सैल पडला आणि फाळका सुटला. खाली लीलाधरचा डावा हात होता. दोन बोटं चेचली. "कडी निसटली," मी म्हटलं, आणि सगळ्यांनी ते खरं धरलं. सुटता फाळका धरायला गेलो त्यात माझा उजवा खांदाही उखडला होता. पण ज्याची बोटं चेचली त्याच्यासमोर खांदा काय दाखवायचा? मी कोणाला बोललो नाही. खांद्याचं नाही आणि कडीचंही नाही.

पुढच्या गणपतीत लीलाधर ताशा घेऊन उभा राहिला. आमच्या चालीत ताशाची तडतड वाढत जाते आणि पाचवा ठोका सगळ्या ढोलांनी मिळून टाकायचा असतो. त्या ठोक्याआधी तो जरासा थांबला. पापणी लवावी एवढंच. बोटं उचलत नसतील, आम्ही समजलो आणि आम्हीही थांबलो. त्यावर कोणी काही बोललं नाही. नंतर आलेल्यांना तर ते थांबणं म्हणजे चालच वाटली.

यंदा ताशाला माणूस शोधला तो स्वप्नील. नोकरीला वरणगावला, आधी जळगावच्या एका मोठ्या पथकात होता. हात असा की ऐकत राहावं. पहिल्याच दिवशी त्यानं काड्या खाली घेतल्या आणि म्हणाला, "नाना, तुम्ही सगळे चुकताय. आणि सगळे एकाच जागी चुकताय. असं मी कुठे बघितलं नाही."

"बारा वर्षं असंच वाजतंय," मी म्हटलं.

"मग बारा वर्षं चुकतंय."

माझं डोकं फिरलं, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तो पुढे निघून जायचा, आम्ही मागे राहायचो. पाच दिवस हेच चाललं. सहाव्या दिवशी सकाळी मी लीलाधरच्या घरी गेलो. त्या थांबण्याचं मूळ माझ्या हातातून सुटलेल्या फाळक्यात होतं, आणि आता त्यापायी पथक मोडणार होतं. हे निदान त्याच्या बायकोला तरी सांगायला हवं होतं.

धुरपदावहिनी अंगणात डाळ निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. कडी निसटली नव्हती, फाळका मी सोडला. त्यांनी सुपातून मान वर काढली नाही.

"ते मले त्यायनं त्याच दिवशी सांगतलं व्हतं," त्या म्हणाल्या.

"मंग तुम्ही कधी बोलल्या न्हाई?"

"ते म्हने, अभिमन सोताच सांगीन. तवर कोनी काढायचं न्हाई." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "आन् बोटाचं म्हनाल भाऊ, तं ते दोन वर्सात बरे झाले व्हते. घरी पिठाच्या डब्यावर वाजवत तं कुठीच थांबत नव्हते."

"मंग पथकात काहून थांबे तो?"

आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्याकरता. ते म्हने, अभिमनचा हात वर जायले येळ लागतो, आन् तो सांगनार न्हाई. मी थांबलो का सगये थांबतात. कोनाले समजत न्हाई."

मी तिथेच ओट्यावर बसलो. दहा वर्षं मी मनातल्या मनात त्याच्यावर उपकार करत होतो, की बघ, तुझ्यासाठी थांबतो. मला रडू आलं. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि डाळ निवडत राहिल्या.

संध्याकाळी सरावाला सगळे जमले. मी त्यांना फाळक्याचं सांगितलं, खांद्याचं सांगितलं, आणि लीलाधर कोणासाठी थांबायचा तेही सांगितलं. प्रेमराज खाली बसून ढोलाची दोरी आवळू लागला. ती आधीच आवळलेली होती.

मी कमरेचा ढोल सोडला आणि निंबाखाली ठेवला. "आता थांबायचं कारण उरलं न्हाई," मी म्हटलं. "स्वप्नील सांगतो तसं वाजवा. पथक राहिलं पाहिजे."

स्वप्नीलनं सुरुवात केली. तडतड वाढत गेली, पाचवा ठोका आला आणि एकवीस टिपरी हवेतच राहिली. माझा हात वर जायला लागतो तेवढा वेळ, बरोबर तेवढाच. मग एकदम पडली. स्वप्नील पुन्हा पुढे निघून गेला होता.

त्यानं ताशा थांबवला. आता हा घरी जाणार, असं मला वाटलं. त्यानं एकदा सगळ्यांकडे बघितलं, निंबाखालच्या ढोलाकडे बघितलं आणि पहिल्यापासून धरलं. त्या जागी आल्यावर त्यानं काड्या उचलल्या आणि तो थांबला. बाकीच्यांबरोबर थांबला. ठोका असा पडला की रस्त्यानं चाललेल्या हितेंद्रनं मोटरसायकल बंद केली आणि तो तिथेच उभा राहून ऐकू लागला.

"नाना, ढोल बांधा," स्वप्नील म्हणाला.

"अरे पण चुकतंय ना ते."

"चुकू द्या," तो म्हणाला. "बांधा तुम्ही."