हास्निया बुलाची नमाज

“आई, झालीय तुझी नमाज. चौथ्यांदा सांगतेय!”

“तू कोण मोजणारी? फरिश्ते रजेवर गेलेत का?” हास्नियाने बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि नळ सोडला.

नेव्झेताने तो बंद केला. “उन्हं कलल्यापासून चारदा वजू करून हातपाय धुतलेस. हात बघ, नुसता बर्फ.”

“मग काय बुडवू नमाज? सरक बाजूला.”

भिंतीला धरत म्हातारी चटईकडे निघाली. कालच सजद्यात कपाळ टेकायला वाकताना तिचा तोल गेला होता. भुवईवर तीन टाके. पुन्हा पडली तर उठायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिला थांबवण्याचा एकच उपाय नेव्झेतापाशी होता, आणि काल संध्याकाळपासून तो तिच्या तोंडातून निघत नव्हता.

त्राव्निक शहराच्या वरच्या अंगाच्या या डोंगरगावात निम्म्या लोकांना नमाज शिकवली ती हास्निया बुलाने, म्हणजे गावच्या धर्मशिक्षिकेने, स्वतःच्या स्वयंपाकघरात, चुलीवरचं दूध सांभाळत.

“इस्लाम म्हणजे काय रे?” ती लाटणं रोखून विचारायची.

“स्वतःला अल्लाच्या हवाली करणं!” पोरं एका सुरात ओरडायची.

“अस्सं? मग शेजारच्या रुकियाच्या नासपत्या कोणी तोडल्या?”

पोरं हात पाठीमागे लपवायची.

“रोजा पोटाचा असतो तसा हाताचा आणि जिभेचाही असतो, गाढवांनो,” म्हणत ती प्रत्येकाच्या हातावर रोटीचा तुकडा ठेवायची. नवऱ्याला माती दिली त्या दिवशीसुद्धा तिची एक वेळ चुकली नव्हती.

दोन हिवाळ्यांपूर्वी ती मीठ विसरू लागली, मग नातवंडांची नावं. नमाज मात्र विसरली नाही. पढल्याचं तेवढं विसरायची. नेव्झेताने खिडकीत पाच सुके आलुबुखार ठेवून पाहिले, दर नमाजेनंतर एक खायचा म्हणून. म्हातारीने पहाटेच पाचही संपवले आणि विचारलं, “आणखी आहेत का गं?” त्या दिवशी दोघी पोट धरून हसल्या होत्या.

आज हसू येत नव्हतं.

“आई, ऐक. मी इमाम एफेंदींना विचारलं.”

“त्याला? त्याचं नाक पुसून कलमा शिकवलाय मी.”

“ते म्हणाले, तुझ्यावर आता नमाज फर्ज नाही. नाही पढलीस तरी पाप नाही.”

हास्निया थांबली. वाकलेली पाठ ताठ झाली. डोळ्यांत ती जुनी, पोरांना धडकी भरवणारी चमक आली.

“फर्ज कोणाकोणावर नसते? सांग.”

“आई, जाऊ दे ना.”

“सांग! सात वर्षांची होतीस तेव्हा घडाघडा म्हणायचीस.” तिनेच बोट वर केलं. “एक, अजाण पोर, जाणतं होईपर्यंत. दोन, झोपलेला माणूस, जागा होईपर्यंत. तीन, ज्याचं भान गेलं तो…”

तिसरं बोट अर्धवटच राहिलं. कितीतरी वेळ ती त्या बोटाकडे पाहत होती.

“पोर तर मी नाही,” ती हळूच म्हणाली. “आणि जागी आहे. आहे ना गं?”

“जागी आहेस, आई,” एवढंच म्हणून नेव्झेता ओला पंचा उचलून अंगणात निघून गेली.